इंग्रजी शब्दांतील स्वरांचे नमुने: ते कसे शोधावेत आणि कसे तपासावेत

ए, ई, आय, ओ, यू ही पाचही अक्षरे नेमक्या याच क्रमाने आणि प्रत्येकी एकदाच येतात असे इंग्रजीत दोनच शब्द आहेत, हे विधान सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत वर्षानुवर्षे वाचायला मिळते. ‘फसीशस’ म्हणजे नको तेथे थट्टा करणारा आणि ‘ॲबस्टीमियस’ म्हणजे खाण्यापिण्यात संयम राखणारा, हे ते दोन शब्द. दुसरे असेच विधान सांगते की, डी-ओ-यू-एस या अक्षरांनी संपणारे इंग्रजी शब्द चारच आहेत: ट्रेमेंडस, होरेंडस, स्टुपेंडस आणि हॅझर्डस. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि दोन्ही खोडून काढायला एकच शब्द पुरतो. गांडूळ, जळू अशा वलयांच्या शरीराच्या प्राण्यांसंबंधीचे ‘ॲनेलिडस’ हे विशेषण ए-एन-एन-ई-एल-आय-डी-ओ-यू-एस असे लिहितात. त्यात पाचही स्वर क्रमाने येतात आणि त्याचा शेवटही डी-ओ-यू-एस असाच होतो.

अक्षरांच्या अशा गमतींचा गंभीरपणे अभ्यास करणाऱ्यांची परंपरा इंग्रजीत जुनी आहे. या छंदाला ‘लॉगॉलॉजी’ हे नाव रूढ करणारे दिमित्री बोर्गमन यांच्या संपादनाखाली 1968 साली अमेरिकेत ‘वर्ड वेज’ हे केवळ याच विषयाचे त्रैमासिक सुरू झाले आणि ते पन्नासहून अधिक वर्षे चालले. ऐकीव यादी पाठ करण्यापेक्षा शब्द स्वतः शोधून काढण्यात आणि तपासण्यात या छंदाचा खरा आनंद आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून येथे तयार यादीऐवजी पद्धत मांडली आहे. लेखात स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी दिलेले आहे. वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी आणि प्रत्येक शब्द रोमन लिपीत उतरवून पाहावा, कारण हे नमुने कानापेक्षा डोळ्यांना लवकर सापडतात.

आधी नियम ठरवा

मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकासाठी पहिली अडचण येथेच असते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ असल्यामुळे स्वर म्हटला की आपल्याला ध्वनी आठवतो. इंग्रजीत मात्र स्वरध्वनी वेगळे आणि ते दाखवणारी अक्षरे वेगळी. ब्रिटिश प्रमाण उच्चारात परंपरेने 12 साधे आणि 8 संयुक्त असे 20 स्वरध्वनी मोजले जातात आणि ते सगळे पाच-सहा अक्षरांच्या आधारे लिहावे लागतात. ‘रिदम’ या शब्दाचे स्पेलिंग आर-एच-वाय-टी-एच-एम असे आहे. त्यात पाचांपैकी एकही अक्षर नाही, तरी उच्चारात दोन स्वर स्पष्ट ऐकू येतात. उलट ‘वन’ हा अंक ओ या अक्षराने सुरू होतो, पण तोंडातून पहिला येतो तो व. या लेखात अक्षरांचाच विचार केला आहे आणि त्यांना ‘स्वराक्षर’ म्हटले आहे.

दुसरा निर्णय वाय या अक्षराबद्दल घ्यावा लागतो. ‘येस’मध्ये ते व्यंजनाचे काम करते, ‘जिम’मध्ये स्वराचे. पर्वतातल्या वाडग्यासारख्या दरीला वेल्श भाषेतून आलेला सी-डब्ल्यू-एम असा शब्द आहे, त्यात डब्ल्यूसुद्धा स्वर होतो. कोणतीही एक बाजू निवडली तरी चालते, मात्र शोध सुरू झाल्यावर ती बदलू नये. पाच स्वराक्षरे मोजायची आणि वाय असल्यास त्याची वेगळी नोंद करायची, ही रीत मला सर्वांत सोयीची वाटते.

तिसरा निर्णय स्पेलिंगच्या पद्धतीचा. ‘बिहेवियर’ आणि ‘फेव्हरिट’ या शब्दांत ब्रिटिश पद्धतीने, म्हणजे आपण भारतात शिकतो त्या पद्धतीने, पाचही स्वराक्षरे प्रत्येकी एकदा येतात. नोहा वेब्स्टर यांच्या 1828 च्या कोशाने अमेरिकेत रूढ केलेल्या स्पेलिंगमध्ये या शब्दांतला यू गळतो आणि दोन्ही शब्द यादीतून बाद होतात. अनेकवचने, विशेषनामे आणि जोडचिन्हाचे शब्द चालणार की नाहीत, हेही आधीच लिहून ठेवावे. मोझांबिक या देशाच्या नावात पाचही स्वराक्षरे एकेकदा आहेत, पण विशेषनामे वर्ज्य असतील तर त्याचा उपयोग नाही.

स्वरांचा सांगाडा काढा

शब्द घेऊन त्यातली सर्व व्यंजने खोडावीत आणि उरलेली स्वराक्षरे क्रमाने लिहावीत. या उरलेल्या माळेला आपण सांगाडा म्हणू. ‘एज्युकेशन’चा सांगाडा ई-यू-ए-आय-ओ. ‘कॉलीफ्लॉवर’चा ए-यू-आय-ओ-ई. ‘डायलॉग’चे ब्रिटिश स्पेलिंग घेतल्यास आय-ए-ओ-यू-ई. सुरुवातीला रोजच्या वर्तमानपत्रातील एखाद्या परिच्छेदावर हा सराव केला की नजर तयार होते आणि थोड्या दिवसांत व्यंजने न खोडताच सांगाडा दिसू लागतो. पाचही स्वराक्षरे हवी असतील तर यूवर लक्ष ठेवावे, कारण इंग्रजी मजकुरात पाचांपैकी यू सर्वांत कमी येतो. स्क्रॅबलच्या इंग्रजी संचात ईच्या 12, ए आणि आयच्या प्रत्येकी 9, ओच्या 8 आणि यूच्या अवघ्या 4 सोंगट्या असतात, यावरून हे प्रमाण लक्षात यावे. यू असलेला लांब शब्द दिसला की थांबून उरलेली चार शोधावीत.

शेवटाकडून सुरुवात करा

ही पायरी सर्वांत फलदायी आहे. इंग्रजीतील लांब शब्द बहुधा लॅटिन किंवा फ्रेंच मुळांचे असतात आणि त्यांचे प्रत्यय ठरावीक असतात. त्यामुळे शेवटची स्वराक्षरे आपल्याला आयतीच मिळतात आणि शोध फक्त उरलेल्या एकदोन अक्षरांपुरता राहतो.

ए-टी-आय-ओ-एन हा प्रत्यय घ्या. त्यात ए, आय आणि ओ आहेत. राहिले ई आणि यू. म्हणजे शब्दाच्या पूर्वार्धात ई आणि यू एकेकदा यावेत आणि दुसरे कोणतेही स्वराक्षर येऊ नये, एवढीच अट उरली. ई आधी आणि यू नंतर असे शब्द आठवू लागलो की एज्युकेशन, इक्वेशन, रेप्युटेशन, रेग्युलेशन, स्पेक्युलेशन, पर्म्युटेशन अशी रांगच लागते. गणिताच्या वर्गात ज्याला समीकरण म्हणतात ते ‘इक्वेशन’ आठच अक्षरांचे आहे. यू आधी आणि ई नंतर हवा असेल तर ‘न्यूमरेशन’ आणि ‘अल्सरेशन’ मिळतात. प्रत्यय थोडा बदलून टी-आय-ओ-एन एवढाच ठेवला, तर पूर्वार्धात ई, ए आणि यू लागतात; ‘प्रिकॉशन’ आणि ‘एक्झॉशन’ या दोन शब्दांत ते ई-ए-यू याच क्रमाने येतात.

आता आय-ओ-यू-एस हा प्रत्यय पाहा. त्यात शेवटची तीन स्वराक्षरे वर्णक्रमाने आधीच उभी आहेत. त्यांच्या पुढे ए आणि मग ई यावा, बस्स. फसीशस आणि ॲबस्टीमियस याच दारातून येतात. आर्सेनिकच्या संयुगांसाठी वापरले जाणारे ‘आर्सीनियस’ आणि निळसर करड्या रंगासाठी वनस्पतिशास्त्रात वापरले जाणारे ‘सीझियस’ हेही येथूनच मिळतात; शेवटच्याचे स्पेलिंग सी-ए-ई-एस-आय-ओ-यू-एस असे आठच अक्षरांचे आहे. हे दोन्ही शब्द शास्त्रांच्या परिभाषेतले असल्याने सामान्य माणसाच्या यादीत येत नाहीत आणि ‘दोनच शब्द’ हा समज त्यातून टिकून राहतो. फसीशस आणि ॲबस्टीमियस यांना एल-वाय जोडून क्रियाविशेषण केले की वायसुद्धा शेवटी रांगेत येऊन बसतो.

उलट क्रमासाठी म्हणजे यू-ओ-आय-ई-ए यासाठी ए असलेला शेवट शोधावा लागतो. ए-एल या विशेषणाच्या प्रत्ययाने हे काम होते. आपल्या भारतीय उपखंडाविषयी लिहिताना सर्रास वापरले जाणारे ‘सबकॉन्टिनेंटल’ हे विशेषण एस-यू-बी-सी-ओ-एन-टी-आय-एन-ई-एन-टी-ए-एल असे लिहून पाहावे. वाचकांपैकी अनेकांनी तो शब्द शेकडो वेळा वाचलेला असेल. ‘अनकॉम्प्लिमेंटरी’मध्ये हाच उलटा क्रम आहे आणि शेवटी वायही आहे.

एकशे वीस ओळींचा तक्ता

पाच वेगवेगळी अक्षरे 120 प्रकारे मांडता येतात. म्हणून वहीची पाच पाने घ्यावीत, प्रत्येक पानावर एका स्वराक्षराने सुरू होणारे 24 क्रम लिहावेत आणि प्रत्येक क्रमापुढे शब्दाची जागा रिकामी सोडावी. शिक्षकांनी वर्गात करून घ्यावा असा हा उपक्रम आहे. मुलांना स्पेलिंगकडे बारकाईने पाहायला लावणारा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

तक्ता भरताना काही ओळी पटकन भरतात आणि काही हट्टाने रिकाम्या राहतात. ई-यू-ए-आय-ओ या ओळीत वर आलेल्या ‘एशन’वाल्या शब्दांची गर्दी होते. एच्या पानावर ‘फेव्हरिट’ आणि ‘टॅम्बरीन’ हे वाद्य ए-ओ-यू-आय-ई या एकाच ओळीत बसतात. ईच्या पानावर कॅलिफोर्नियातील महाकाय वृक्षाचे नाव ‘सिक्वोया’ आणि फुप्फुसाचा आजार ‘न्यूमोनिया’ यांचा सांगाडा सारखाच, ई-यू-ओ-आय-ए असा निघतो. सिक्वोया अवघा सात अक्षरांचा आहे. आयच्या पानावर ‘डिसकरेज’ आय-ओ-यू-ए-ई या ओळीत जातो. ओच्या पानावर ‘कम्युनिकेट’ आणि ‘बाउंड्रीज’ हे ओळखीचे शब्द आहेत, पण त्यांची ओळ एक नाही: पहिल्यात ओ-यू-आय-ए-ई, दुसऱ्यात ओ-यू-ए-आय-ई. यूच्या पानासाठी ‘अल्ट्राव्हायोलेट’ आणि ‘अनसोशेबल’ हाताशी ठेवावेत.

अंकांच्या नावांतही हा खेळ चालतो. पाच हजार, आठ हजार आणि नऊ हजार या संख्या इंग्रजी शब्दांत लिहून पाहा: ‘फाइव्ह थाउजंड’, ‘एट थाउजंड’ आणि ‘नाइन थाउजंड’ या तिघांतही पाचही स्वराक्षरे बरोबर एकेकदा येतात. ‘थाउजंड’मध्ये ओ, यू आणि ए असतात, त्यामुळे आधीच्या अंकाने ई आणि आय पुरवले की झाले, एक ते नऊ यांपैकी तेवढे तिघेच ते पुरवतात.

उरलेले नमुने

एकही स्वराक्षर नसलेले शब्द जवळजवळ सगळे वायवर उभे असतात: मिथ, क्रिप्ट, लिंक्स, निम्फ, पिग्मी, आणि तीन खगोलीय गोल एका रेषेत येण्याला म्हणतात तो एस-वाय-झेड-वाय-जी-वाय म्हणजे ‘सिझिजी’. यांतील बरेच शब्द ग्रीकमधून आले आहेत. ग्रीक उप्सिलॉन हे अक्षर लॅटिनने वाय म्हणून घेतले, तोच वाय इंग्रजीपर्यंत पोहोचला.

एकाच स्वराक्षरावर चालणारे शब्द शोधणे सोपे आणि रंजक असते. ‘स्ट्रेंग्थ्स’ या नऊ अक्षरांच्या शब्दात एकच ई आहे आणि बाकीची आठ व्यंजने. ‘इनडिव्हिजिबिलिटी’मध्ये सहा वेळा आय येतो आणि शेवटच्या वायखेरीज दुसरा स्वर नाही. ‘मॉन्सून’मध्ये फक्त ओ आहेत. आपल्या गावांची नावे रोमन लिपीत लिहिली की हा नमुना फार मोठ्या संख्येने दिसतो, कारण अ आणि आ या दोन्ही स्वरांसाठी आपण ए हे एकच अक्षर वापरतो. महाराष्ट्र हे राज्याचे नाव चार एंवर उभे आहे. सातारा, वर्धा, जालना, भंडारा, पालघर ही जिल्ह्यांची नावेही फक्त एवरच. साताऱ्यात तर व्यंजन आणि स्वराक्षर आळीपाळीने येतात, हा आणखी एक नमुना. देशांच्या नावांत तो पाहायचा तर ‘युनायटेड अरब एमिरेट्स’ हे पूर्ण नाव जागा न सोडता लिहावे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एक स्वराक्षर, एक व्यंजन अशी साखळी कोठेही तुटत नाही.

सलग स्वराक्षरांसाठी क्यूकडे जावे. रांगेला इंग्रजीत म्हणतात तो क्यू-यू-ई-यू-ई हा शब्द लॅटिनमधील शेपटीच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. त्यातली शेवटची चारही अक्षरे काढली तरी उच्चार तोच राहतो. त्याला आय-एन-जी जोडताना शेवटचा ई ठेवला, तर सलग पाच स्वराक्षरे मिळतात. मात्र तो ई गाळून लिहिलेले रूपही शब्दकोशांना मान्य आहे आणि त्यात चारच उरतात. केवळ स्वराक्षरांचा सहा अक्षरी शब्द ई-यू-ओ-यू-ए-ई असा आहे. ख्रिस्ती ग्रेगोरियन भजनांच्या जुन्या पोथ्यांत ‘सेक्युलोरम आमेन’ या लॅटिन शेवटाची फक्त स्वराक्षरे गायकाच्या सोयीसाठी लिहीत, त्यातून तो तयार झाला. म्हणजे आपण वर काढतो तसा तो एक सांगाडाच आहे.

सलग व्यंजनांसाठी जोडशब्दांचे सांधे तपासावेत. पहिला शब्द व्यंजनांच्या घोळक्याने संपतो आणि दुसरा तशाच घोळक्याने सुरू होतो, तेथे सहा-सहा व्यंजने एकत्र येतात. क्रिकेटच्या मैदानावरील ‘साइटस्क्रीन’ एकसंध लिहिला की जी-एच-टी-एस-सी-आर अशी सहा अक्षरे ओळीने मिळतात. ‘कॅचफ्रेज’मध्येही सहा.

एकही अक्षर दोनदा न येणाऱ्या शब्दांत ‘अनकॉपीराइटेबल’ आणि बोटांच्या ठशांच्या अभ्यासाचे ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हे प्रत्येकी 15 अक्षरांचे शब्द प्रसिद्ध आहेत. स्वरांच्या दृष्टीने पहिला सरस, कारण त्यात पाचही स्वराक्षरे आणि वाय आहे. दुसऱ्यात यू नाही.

नमुन्याची उलट बाजू म्हणजे एखादे अक्षर टाळणे. ई टाळून पाच वाक्ये लिहून पाहावीत, म्हणजे या अक्षराची पकड कळते: ‘द’ हे उपपद जाते, नियमित भूतकाळ जातो, ‘ही’, ‘शी’, ‘मी’ ही सर्वनामे जातात. सहाच्या पुढची ई नसलेली संख्या थेट तीस, मधल्या सगळ्यांत ई आहे. अमेरिकी लेखक अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी 1939 साली ईशिवाय सुमारे 50 हजार शब्दांची कादंबरी प्रसिद्ध केली आणि चुकूनही ते अक्षर उमटू नये म्हणून टाइपरायटरची ती कळ बांधून ठेवल्याचे प्रस्तावनेत लिहिले.

संगणकाची मदत

हाताने शोधण्याची सवय झाल्यावरच संगणकाकडे वळावे, नाहीतर पडद्यावर उमटणाऱ्या यादीतून काही शिकायला मिळत नाही. मॅक संगणकात सुमारे 2 लाख 35 हजार शब्दांची साधी यादी मुळातच असते. ती 1934 च्या मोठ्या वेब्स्टर कोशावरून केलेली आहे. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांवर अशी यादी बसवता येते. ही यादी स्प्रेडशीटच्या पहिल्या स्तंभात उतरवावी आणि सर्व अक्षरे लहान लिपीत करून घ्यावीत, अन्यथा मोठ्या लिपीतील स्वराक्षरे मोजणीतून सुटतात. दुसऱ्या स्तंभात बदली करणारे सूत्र वापरावे. गूगल शीट्समध्ये त्याचे नाव ‘रेगएक्सरिप्लेस’ असे आहे. चौकोनी कंसात आधी कॅरेट चिन्ह आणि मग पाच स्वराक्षरे लिहिली की त्याचा अर्थ ‘या पाचांखेरीज कोणतेही अक्षर’ असा होतो; त्याच्या जागी काहीच न ठेवण्याची सूचना दिली की प्रत्येक शब्दाचा सांगाडा तयार होतो.

मग दुसऱ्या स्तंभानुसार क्रम लावावा. सारख्या सांगाड्याचे शब्द आपोआप शेजारी येतात. सांगाडा रिकामा असेल तर शब्दात स्वराक्षर नाही. तो पाच अक्षरांचा असून पाचही वेगळी असतील, तर शब्द तक्त्यात जातो. आळीपाळीचा नमुना हवा असेल, तर स्वराक्षरांच्या जागी 1 आणि व्यंजनांच्या जागी 0 लिहून दोन एक किंवा दोन शून्ये शेजारी न येणाऱ्या ओळी निवडाव्यात.

दावा कसा लिहावा

संगणकाने दिलेला प्रत्येक शब्द एखाद्या मोठ्या शब्दकोशात उघडून पाहावा. जुन्या याद्यांत वापरातून गेलेले आणि कोणीही न वापरलेले शब्दही असतात. ‘एकमेव’, ‘सर्वांत लांब’, ‘फक्त दोन’ असे शब्द वापरायचे असतील, तर कोणत्या यादीत शोधले आणि कोणते नियम पाळले हे त्याच वाक्यात आले पाहिजे. हजाराच्या आत इंग्रजी संख्यानामांत ए हे अक्षर येत नाही, हे विधान खूप आवडीने सांगितले जाते. पण ब्रिटिश पद्धतीने ‘वन हंड्रेड अँड वन’ म्हटले की एकशे एकलाच ते कोसळते. अमेरिकी पद्धतीप्रमाणे ‘अँड’ न घेता, एवढे जोडले की विधान बरोबर ठरते. ‘फॉर्टी’ हे एकच संख्यानाम अकारविल्हे लिहिलेले आहे आणि ‘वन’ हे उलट्या क्रमाने, या विधानाला मात्र अशी अट लागत नाही.

वहीतली नोंद साधारण अशी असावी: अननोटिसेबली, यू-एन-एन-ओ-टी-आय-सी-ई-ए-बी-एल-वाय, सांगाडा यू-ओ-आय-ई-ए, शेवटी वाय, ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंग एकच, विशेषनाम नाही, शब्दकोशाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष. एकाच ओळीत दुसरा शब्द सापडला तर पहिला खोडू नये, शेजारी लिहावा.